बुधवारचं ताट

झाशी
गुरुवार, १६ जुलै १९५९

ती. ताईस हणमंतचा शि. सा. नमस्कार.

इंदूला पोचवून दहा दिवस झाले आणि पोचल्याचं पत्र आज लिहितोय. शाई नव्हती असं लिहिणार होतो, पण शाई होती. कागदही होता. रोज सकाळी म्हणायचो, आज एखादी पक्की खबर हाती येऊ दे, मग लिहू. खबर रोज अर्धीच यायची, आणि अर्धी खबर कळवली की उरलेली अर्धी तू वाईटच धरतेस.

तर पोचलो. चिरगाँवला टायर बसला म्हणून बस दोन तास उभी. तिथे एक अस्वलवाला होता. अस्वल म्हातारं, नाचायला राजी नाही, आणि तो माणूस त्याला 'उठो दद्दा, उठो दद्दा' करत अगदी आर्जवाने उठवत होता. मी बघत राहिलो. बस सुटली. इंदूने आतून ओरडून थांबवली नसती तर मी अजून चिरगाँवलाच असतो. गाडीत बसल्यावर म्हणाली, "दादा, तू मला पोचवतोयस की मी तुला?"

कॉलेजात काम झालं. गुणपत्रक बघून मास्तरांनी आधी इंदूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत गुणपत्रकाकडे. "लड़की? गुरसराय से?" फी माफ. सायन्सच्या वर्गात मुली तीनच आहेत, ही चौथी.

राहायचंही झालं. गणपतीच्या देवळामागे सीताबाई राहतात, देवळाची झाडलोट त्यांच्याकडे. आपल्या आबांना ओळखत होत्या. त्यांच्या खोलीत एका भिंतीशी इंदूची वळकटी लागली. पण त्यांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, "छप्पर माझं, पोट तुमचं. मी स्वतः नैवेद्यावर राहते बाबा, त्यात दुसरं तोंड कुठे बसवू?"

तेव्हा मला आबांची आठवण झाली. आबा झाशीत मॅट्रिकपर्यंत शिकले ते सात घरी जेवून, हे आपल्याला पाठ आहे. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं, असे सात वार लावायचे. एका घराला आठवड्यातून एकच पान, कोणाला जड नाही, आणि पोरगा वर्षभर जेवतो. मी सीताबाईंना म्हटलं, इंदूचे वार लावू या. त्या म्हणाल्या, "मुलीचे वार लावलेले मी ऐकले नाहीत." मी म्हटलं, लावू नयेत असं ऐकलंय का? तर तेही ऐकलेलं नाही.

एक वार लागला. गुरुवार, दत्तात्रेय गुरुजींकडे. प्राथमिक शाळेत मास्तर आहेत, घरी सहा पोरं आहेत, खोल्या दोन, आणि हो म्हणायला त्यांना इतकाही वेळ लागला नाही की मी पुढचं वाक्य जुळवावं. बाकी सहा मिळवतो. मी सीपरी बाजारात एका सायकलच्या दुकानात निजतो. मालक भला आहे, म्हणजे अजून हाकलत नाही.

तुझा
हणमंत

•

गुरसराय
सोमवार, २० जुलै १९५९

चि. हणमंतास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अस्वलाची हकीकत वाचली. इंदू हे दहा दिवस काय जेवली, ते मात्र तीनदा वाचूनही सापडलं नाही.

इंदूसाठी चिरगाँवच्या स्थळाकडून निरोप परत आला आहे. मुलगा पोस्टात आहे. माणसं वाईट नाहीत, आणि हेच कठीण आहे, कारण वाईट असती तर नाही म्हणायला सोपं गेलं असतं. मी त्यांना पंधरा ऑगस्टपर्यंत थांबवलं आहे. शिवणाचं मशीन माझ्या पायाखाली आहे म्हणून हे घर चाललं आहे, पण त्या मशीनवर मला झाशीतली खाणावळ शिवता येत नाही. इथून रोज डबा पाठवता येत नाही.

म्हणून एकदाच लिहिते. सातही वार लागले असं तुझं पत्र आलं तर चिरगाँवला नकार कळवीन आणि इंदू शिकेल. सहा लागले तर मी स्वतः येऊन तिला घेऊन जाईन. सात म्हणजे सात. आठवड्यातून एक दिवस उपाशी राहून बीजगणित होत नाही. पोर तुला सांगणार नाही, ती आबांसारखी आहे, भूक लागली की हसते.

प्रत्येक घराचं नाव लिही. नाव कळलं की मला तिथली चूल दिसते.

तू कुठेही भटक, मी काही बोलले का आजवर? पण हे एक काम अर्ध्यावर टाकू नकोस.

प्रमोदिनी

•

झाशी
मंगळवार, ११ ऑगस्ट १९५९

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

सात झाले.

हे पहिल्याच ओळीत लिहिलं, नाहीतर तू म्हणशील मूळ गोष्ट शोधावी लागते. आता कसे झाले ते ऐक.

मला वाटलं होतं घरं मिळणार नाहीत. घरं मिळाली, पण सगळ्यांना सोमवारच हवा! विमलाबाई, रेल्वेतल्या आपल्या जुन्या ओळखीच्या, त्या म्हणाल्या सोमवार. त्यांची जाऊ म्हणाली सोमवार. देवळाचे पुजारी म्हणाले सोमवार. मी भाबडा, म्हटलं महादेवाची भक्ती. बाहेर आल्यावर इंदू हसायला लागली. "दादा, सोमवारी त्यांच्या घरी उपास असतो. चूल संध्याकाळी एकदाच पेटते." मग मी तिघांना एकत्र बसवलं आणि तंटा मिटवला. सोमवार विमलाबाईंना दिला, कारण त्यांनी साबुदाण्याबरोबर दही कबूल केलं. पुजारी मंगळवारवर आले. जाऊबाईंनी चिडून रविवार घेतला, आणि आता विमलाबाईंपेक्षा वरचढ म्हणून रविवारी शिरा असतो.

शुक्रवार भीमरावांकडे, खंडेराव दरवाज्याजवळ. तिथे मराठी आजोबांपाशी थांबलीय. नातवंडांना सगळं कळतं पण तोंडातून हिंदीच येते. "दीदी, और आमटी लोगी? दादाजी, दीदी शरमा रही हैं।" भीमराव मला म्हणाले, "हिला म्हणावं जेवताना बोलत जा. या घरात मराठी ऐकू येऊन किती दिवस झाले."

शनिवार हवालदार जयसिंगांचा. साताऱ्याकडचे आहेत, पलटण बबीन्याला, बायको-मुलं इथे सदर बाजाराच्या मागे क्वार्टरमध्ये. तू विचारशील तिथे काय शिजतं. शनिवार मारुतीचा, त्या दिवशी त्या घरात अंडंसुद्धा येत नाही. सावित्रीवहिनी दारातच म्हणाल्या, "आमच्या हातचं चालंल का ओ तुमच्या भनीला?" मी उत्तर जुळवतोय तोवर इंदू पाटावर बसलीसुद्धा होती. त्यांचा रेडिओ खरखरत होता तो मी उघडला, आत झुरळाने संसार मांडला होता, ते सगळं काढण्यात माझे दोन दिवस गेले. आता दिल्ली स्वच्छ लागतं.

अडला तो बुधवार. प्रत्येक वाराला काहीतरी आहे ताई. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा. त्या त्या दिवशी एक पान वाढलं की त्या त्या देवाच्या नावे जमा. बुधवारला आपल्यात कोणी देवच नाही, मग पान कोणाच्या नावे वाढायचं? मी विमलाबाईंना म्हटलं, इकडची मंडळी बुधवार गणपतीचा मानतात. त्या म्हणाल्या, "त्यांचा मानत असतील. आपला गणपती मंगळवारचा." जणू दोन वेगळे गणपती आहेत आणि त्यांच्या सुट्ट्या वेगळ्या.

पण लागला तोही. बुधवार बापूकाकांकडे आहे.

जयसिंगांच्या कँटीनमधलं पाणी उपसायचं इंजिन बिघडलंय, म्हणून मी उद्या त्यांच्याबरोबर बबीन्याला निघतोय. पंधरा दिवस तरी तिथेच. पत्ता हवालदारांच्या नावे.

चिरगाँवला नकार कळव.

तुझा
हणमंत

•

गुरसराय
सोमवार, १७ ऑगस्ट १९५९

चि. हणमंत आणि चि. इंदू यांस अनेक आशीर्वाद.

हे पत्र इंदूच्या पत्त्यावर पाठवते आहे. इंदू, वाचून झालं की हणमंताला पाठव.

चिरगाँवला नकार कळवला. मुलाची आई जरा बोलली. बोलू दे.

हणमंता, तुझ्या पत्रात प्रत्येक घराची एकेक पानभर हकीकत आहे आणि बापूकाकांची एक ओळ. तुला वाटलं असेल मी चिडेन. तुला किती माहीत आहे मला ठाऊक नाही. तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास आणि सर्कशीच्या मागे ललितपूरला पळाला होतास. म्हणून लिहिते.

दहा वर्षांपूर्वी मीही मॅट्रिक झाले होते. मलाही पुढे शिकायचं होतं. आबा मला घेऊन झाशीला बापूकाकांकडे गेले. आबांचे सख्खे चुलतभाऊ, आणि आबांचा स्वतःचा बुधवार त्याच घरी असे, काकांच्या आईच्या हातचा. आबांनी फार मागितलं नाही. एक वार द्या म्हणाले, बाकीचे मी हिंडून लावतो. मी ओसरीवर बसले होते. काका आबांना नाना म्हणत. म्हणाले, "मुलगी दारोदार जेवत हिंडणार? नाना, तुला लाज नाही, मला आहे." आबा उठले. कुसुमावतीकाकू माजघराच्या दाराआड वाटी घेऊन उभ्या होत्या. लाडू होता की काय, मला दिसलं नाही. त्या पुढे आल्या नाहीत. आम्ही पाणीही न घेता निघालो. त्यानंतर मी शिवण शिकले.

दहा वर्षं त्या घराचं नाव मी काढलं नाही. आबा गेले तेव्हाही कळवलं नाही.

आणि त्याच घरी माझी इंदू बुधवारची जेवते आहे. परवा तुझं पत्र वाचलं आणि हातातलं शिवण बाजूला ठेवलं. माणूस बदलतो म्हणतात, पण मी ते कधी खरं धरलं नव्हतं. काकांना मी पत्र लिहिणार आहे. त्यांना हल्ली दिसत नाही असं ऐकते, म्हणजे काकूच वाचून दाखवतील. चार ओळी आभाराच्या लिहायच्या आहेत, पण शब्द नीट बसत नाहीत. आठवड्याभरात टाकीन.

इंदू, काकूंच्या पाया पड. माझ्या वतीनेही.

प्रमोदिनी

•

झाशी
शनिवार, २२ ऑगस्ट १९५९

दादास नमस्कार.

सावित्रीवहिनींच्या ओसरीत बसून लिहितेय. हवालदारसाहेब उद्या बबीन्याला परत येताहेत, त्यांच्या हाती देईन. ताईचं पत्र सोबत आहे. आधी ते वाच. वाचलंस? आता माझं वाच.

तू मला म्हणालास, "बुधवारचं मी बघतो." मी गप्प बसले. तू ताईला लिहिलंस की बुधवार लागला! बापूकाकांच्या घराचं दारसुद्धा मी पाहिलेलं नाही. कोणतं नाव घ्यायचं ते तरी बघायचं होतंस. सगळ्या झाशीत तुला तेच सापडलं?

बुधवारी काय होतं ते तू विचारलं नाहीस म्हणून मीच सांगते. सकाळी मी सीताबाईंना सांगते, आज माझा उपास. त्यांनी विचारलं, कोणाचा ग? मी म्हटलं, इकडच्या पद्धतीचा, गणपतीचा. त्यांना आवडलं. त्यांनी ते विमलाबाईंना सांगितलं, विमलाबाईंनी जावेला. आता सगळ्या मला गुणाची म्हणतात, आणि बुधवारी कोणी चुकून एक केळंही पुढे करत नाही, व्रत मोडेल म्हणून. मंगळवारी दुपारी जेवते ती गुरुवारी सकाळी. मधला दिवस कॉलेजात प्रॅक्टिकल असतं. उभं राहून.

मी मरत नाहीये. दिवस निघतो. पण ताईने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी माफ केलं, आणि ते तुझ्या थापेवर. तिचं पत्र अजून काकांकडे गेलं नसेल. गेलं की काय होईल? काका म्हणतील, कोण इंदू, कसला बुधवार? ओसरीवर बसून ऐकलं ते ताईला परत एकदा पत्रातून ऐकावं लागेल.

तिला लगेच खरं लिही.

नको. खरं लिहिलंस तर ती मला घेऊन जाईल. सात म्हणजे सात, तिने आधीच सांगितलंय. आधी तू काकांकडे जा, त्यांच्या पाया पड, काहीही कर, मग लिही. मला परत जायचं नाही दादा. इथे काचेच्या नळीत मी परवा निळा रंग लाल केला. मास्तर म्हणाले, "शाबास बेटी, फिर से करके दिखाओ।" मला ते फिर से करायचं आहे.

इंजिन सोड. ये.

इंदू

•

गुरसराय
सोमवार, ३१ ऑगस्ट १९५९

हणमंता,

विमलाबाईंची नणंद काल इथे आली होती. इंदूचं फार कौतुक करत होती. एवढी शिकणारी मुलगी, पण बुधवारचा कडक उपास चुकवत नाही म्हणे.

आपल्या घरात बुधवारचा उपास कोणी कधी केला?

काकांना पत्र मागच्या सोमवारी टाकलं. उत्तर नाही. का नाही, ते आता मला कळलं.

गुरुवारी सकाळच्या पहिल्या बसने येते आहे. इंदूची वळकटी बांधून ठेव. चिरगाँवच्या लोकांनी अजून दुसरी मुलगी पाहिलेली नाही.

तू भेटला नाहीस तरी चालेल.

प्रमोदिनी

•

झाशी
बुधवार, २ सप्टेंबर १९५९

ती. ताईस,

कार्ड सकाळी मिळालं. तीनच्या बसचा कंडक्टर रात्री गुरसरायलाच मुक्कामाला असतो, त्याच्या हाती हे देतोय. तू उद्या निघायच्या आत तुझ्या हातात पडलं पाहिजे. आता साडेबारा वाजलेत. यात अस्वल नाही, सगळं वाच.

बुधवार लागला नव्हता. कधीच नाही. मी थाप मारली. तुझी तारीख चार दिवसांवर आली होती आणि माझ्याकडे सहा घरं होती. मी म्हटलं, एक नाव टाकू, पंधरा दिवसांत खरा बुधवार शोधू आणि वर चिकटवून टाकू. नाव असं हवं होतं की ऐकून तुला चूल दिसेल. आबा बापूकाकांच्या आईच्या हातच्या वरणाचं बोलायचे, तेवढंच मला आठवत होतं. तुझं मला माहीत नव्हतं ताई. देवाशपथ नव्हतं. सर्कशीत मी तेव्हा घोड्यांना पाणी पाजत होतो.

इंदूचं पत्र मिळालं तसा बबीन्याहून निघालो. इंजिन उघडंच टाकून आलो, हवालदार अजून माझ्या नावाने शंख करत असतील. मागच्या मंगळवारी इथे पोचलो. तुझं पत्र टपालात असणार हे धरून बुधवारी सकाळपासून बापूकाकांच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. ठरवलं होतं, पोस्टमनला गाठायचं, म्हणायचं मी त्यांचा पुतण्या, द्या इकडे. खोटं तरी त्यात काय होतं? दुपारपर्यंत जागचा हललो नाही. मग जवळच्याच खंडेराव दरवाज्यात एका ट्रकचा आस मोडला आणि ट्रक कमानीतच आडवा बसला. दहा जण दहा हुकूम सोडत होते, खाली कोणी शिरत नव्हतं. मी शिरलो. वर आलो तेव्हा हात कोपरापर्यंत काळे, आणि पोस्टमन गल्लीतून परत येत होता. मी विचारलं, तर म्हणाला, "हओ भैया, दै आए। माताराम ने लई।"

म्हणजे पत्र काकूंच्या हातात गेलं. त्या एका तासासाठी मी सकाळपासून उभा होतो, आणि तोच तास मी त्या ट्रकला दिला. यावर तू काय म्हणशील ते मी स्वतःला म्हणून घेतलंय.

आणि त्याच बुधवारी, त्याच सुमारास, इंदू कॉलेजात पडली. प्रॅक्टिकलच्या टेबलाशी. नळी फुटली, तळहाताला काच लागली, आता बरं आहे, खपली धरलीय. मास्तरांनी घोडागाडीतून देवळापाशी आणून सोडलं. सीताबाईंना म्हणाले, "माताजी, इसे कुछ खिलाइए।" सीताबाई म्हणाल्या, आज तिचं व्रत आहे. तोवर मी तिथे येऊन पोचलो होतो. मी म्हटलं, व्रतबित काही नाही, तिला बुधवारी घर नाही. सीताबाईंनी स्वतःचं पान तिच्यापुढे सरकवलं. नैवेद्याचं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

त्यानंतर तीनदा बापूकाकांच्या फाटकापर्यंत गेलो. फाटकाची कडी आतून आहे, हात घातला की निघते. हात घातला नाही. तू लिहिलेलं ते वाक्य, "तुला लाज नाही, मला आहे," ते तिथे फाटकावर लिहिल्यासारखं दिसायचं. मी कुठेही घुसणारा माणूस, तंबूत, मालगाडीत, पलटणीच्या कँटीनमध्ये, पण त्या फाटकाशी पोचून तिन्ही वेळा परत फिरलो. उत्तरही आलं नाही त्यांच्याकडून. आठ दिवस झाले. म्हणजे तू समजलीस तेच.

आता मागणं आहे.

इंदूला नेऊ नकोस. बुधवार मी घेतो.

हसू नकोस. वार घ्यायचा म्हणजे घर लागतं, घरात चूल लागते, आणि दर बुधवारी त्याच जागी माणूस लागतो, हे मला कळतं. यातलं माझ्याकडे आजवर काहीच नव्हतं. पण सायकलच्या मालकाशी बोललो. मागची पडवी मला देतोय, पंक्चरचं काम कायमचं माझ्याकडे. शेगडी सावित्रीवहिनींनी दिली. बबीन्याला जाणार नाही, इटारसीलाही नाही. तिची दोन वर्षं होईपर्यंत झाशी सोडणार नाही, असं मी लिहून देतोय. माझ्या शब्दाची किंमत तुला ठाऊक आहे, म्हणूनच लिहून देतोय, म्हणजे तुला कागद तरी दाखवता येईल.

आज पहिला बुधवार. सकाळी केलं ते खाण्यासारखं नव्हतं. इंदू मूठभर फुटाणे घेऊन गेली, म्हणाली, "चारला येते, तोवर शिक." पडवीत धूर फार कोंडतो म्हणून शेगडी इथे देवळाच्या मागे सीताबाईंच्या दाराशी आणून मांडली आहे. वरण झालंय. पातळ आहे. भात शेगडीवर

थांब, भात लागला.

लागलाच. पत्र लिहिण्यात लक्ष राहिलं नाही. वरचा निघेल. खालचं सीताबाई म्हणतात गाईला घाल. त्या शेजारी बसून माझी मजा बघताहेत. "दोन वर्षं म्हणतोस? पोर दोन वर्षं हे खाणार?" म्हटलं, शिकेन. म्हणाल्या, "तू शिकशील, पण तिला उद्या नेतेय ना तिची बहीण."

ताई, उद्या अमावास्या आहे. अमावास्येला निघू नये हे तूच मला दर वेळी सांगतेस. एक दिवस थांब. शुक्रवारी ये. इंदूला वर्गात बसलेली बघ, त्या मास्तरांशी बोल, भीमरावांकडे तिच्याबरोबर पानावर बस. मग ने म्हटलंस तर वळकटी मी स्वतः बसवर टाकीन. पण न बघता नेऊ नकोस. तुला कोणी न बघता परत पाठवलं होतं. मी हे लिहायला नको होतं. खोडत नाही.

अडीच वाजत आले. कंडक्टर तीनला

कोणीतरी आलंय. घोडागाडी देवळाच्या पुढच्या बाजूला थांबली, सीताबाई बघायला गेल्या. इंदूला पुन्हा काही झालं की काय, बघून येतो.

ताई, इंदू नाही. घाईत लिहितोय, अक्षर समजून घे. कुसुमावतीकाकू आल्यात. एकट्या. नऊवारीवर शाल, हातात तुझं पत्र, घडीवर घडी पडून मऊ झालेलं. मला ओळखलं नाही. मी शेगडीपुढे बसलेला, त्यांना स्वयंपाकी वाटलो. पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "हे काय जाळलंस?" मग सीताबाईंना म्हणाल्या,

"प्रमोदिनीनं लिहिलंय, पोर इथे तुमच्याकडे राहते आणि बुधवार आमच्याकडे आहे म्हणून. ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, मी कधी हो म्हटलं? मी म्हटलं, म्हणालात, विसरलात. वय झालं तुमचं. तेव्हापासून गप्प आहेत. सकाळी दहापासून ताट वाढून बसलेय मी. पोरगी कुठाय?"